चौथ्या वर्षी अडलेला प्रबंध : एक प्रकरण अभ्यास

पीएचडीच्या चौथ्या वर्षी काम ठप्प होणे ही विद्यापीठांमधली नेहमीची गोष्ट, आणि त्यावर मिळणारा सल्लाही नेहमीचाच: वेळापत्रक आख, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव, रोज थोडे लिही. खाली मांडलेल्या प्रकरणातल्या विद्यार्थ्याला हे सगळे सांगून झाले होते. त्याने ते बऱ्यापैकी पाळलेही होते. तरी काम हलले नाही, कारण लिहिण्याआधी घ्यायचा एक निर्णय पाच महिने तसाच पडून होता आणि तो पडून आहे हे विद्यार्थी सोडून कुणालाच माहीत नव्हते. खरे तर विद्यार्थ्यालाही ते नीट कळले नव्हते.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. वेगवेगळ्या विभागांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभे केले आहे, आणि त्यातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. जिथे प्रसिद्ध अभ्यासाचा उल्लेख आहे तिथले आकडे मात्र त्या अभ्यासातले आहेत.

परिस्थिती

विद्यार्थी सामाजिक आरोग्य या विषयातला. प्रबंधाचा प्रश्न असा: रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पाळ्या कुठल्या क्रमाने लावल्या जातात, आणि त्याचा त्यांच्या झोपेवर व थकव्यावर काय परिणाम होतो. पहिल्या फेरीत ४१२ जणींनी प्रश्नावली भरली. सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीत २५० आल्या. प्रबंधात पाच चॅप्टर ठरलेले: प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, निष्पत्ती, चर्चा. पहिला आणि तिसरा लिहून झाला होता, दुसरा दोन वर्षे जुना होता, चौथा अडलेला, पाचव्याला हात लागला नव्हता. सगळे मिळून सुमारे ३१,००० शब्द. विद्यावेतन संपायला सात महिने, म्हणजे साधारण ३० आठवडे उरलेले.

मार्गदर्शक मॅडमशी शेवटची बैठक पाच महिन्यांपूर्वी झाली होती. त्यानंतरच्या मेलमध्ये त्यांनी लिहिले होते, ‘पूर्ण चॅप्टर एकदमच पाठव, म्हणजे मला सलग वाचता येईल.’ विद्यार्थ्याने याचा अर्थ घेतला की पूर्ण झाल्याशिवाय तोंड दाखवायचे नाही. मॅडमनी त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ घेतला की मुलगा लिहितो आहे, मध्ये त्रास देऊ नये. दोघांचेही वागणे आपापल्या जागी समजण्यासारखे होते. अशा गैरसमजात दोन्ही बाजूंना बरे वाटत राहते आणि महिने निघून जातात.

याशिवाय आठवड्याला दोन तास शिकवणे, १२० उत्तरपत्रिकांची तपासणी, आणि विभागातल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या प्रकल्पात ‘जरा मदत’. त्या मदतीला सुरुवात होती, शेवट नव्हता.

निदान करताना कुठे चूक झाली

विद्यार्थी स्वतःच म्हणत होता, ‘मला लिहिता येत नाही.’ मित्रांच्या मते हा इम्पोस्टर सिंड्रोम होता. विभागाच्या वार्षिक प्रगती अहवालात शेरा होता, ‘वेळेचे नियोजन सुधारावे.’ तिन्हींना थोडाथोडा आधार होता, म्हणून तिन्ही खरे वाटत होते.

इम्पोस्टरची कल्पना पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ मध्ये मांडली. यश मिळूनही ‘आपण लायक नाही, कधीतरी पकडले जाऊ’ असे वाटत राहण्याबद्दलचे ते निरीक्षण होते. आता अडलेल्या कुठल्याही संशोधकाला हे लेबल लावतात. लेबल लागले की कामात नेमके काय बिघडले आहे हे कुणी विचारत नाही. सगळे लक्ष विद्यार्थ्याच्या आत्मविश्वासाकडे जाते. इथे आत्मविश्वास खचला होता खरा, पण तो काम अडल्यामुळे खचला होता.

खरा सुगावा फाइलींच्या यादीत होता. विद्यार्थ्याला मदत करणाऱ्या संशोधन समन्वयकांनी पहिल्या भेटीत दीड तास ठेवला आणि योजनेचा विषयच काढला नाही. चौथ्या चॅप्टरच्या सगळ्या फाइली उघडायला सांगितल्या. ‘चॅप्टर ४ फायनल’, ‘चॅप्टर ४ फायनल नवे’, ‘चॅप्टर ४ खरे फायनल’ अशा ११ फाइली निघाल्या. त्यातल्या ९ फाइली एकाच जागी थांबत होत्या: तक्ता ४.३ च्या आधीच्या परिच्छेदावर. त्याआधीचे नमुन्याचे वर्णन नऊ वेळा घासूनपुसून लिहिले होते. वाक्ये उत्तम होती. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या हातून असे पान उतरत नाही.

तक्ता ४.३ पासून पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची तुलना सुरू व्हायची होती. ‘इथे काय अडचण येते?’ असे विचारल्यावर दहा मिनिटे इकडचे तिकडचे झाले आणि मग खरे बाहेर आले. दुसऱ्या फेरीच्या २५० नोंदींपैकी पहिल्या फेरीशी जुळल्या फक्त २३१. म्हणजे ४१२ पैकी १८१ जणी, जवळजवळ ४४ टक्के, हिशेबाबाहेर. आणि गळालेल्यांमध्ये जास्त रात्रपाळ्या करणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. ज्यांच्यावर परिणाम शोधायचा त्याच निघून गेल्या. विद्यार्थ्याला भीती होती की हे सांगितले तर ‘पुन्हा डेटा गोळा कर’ असे ऐकावे लागेल. त्यामुळे तो विषय टाळून आधीचे पान पुन्हा सुधारत बसायचा.

सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या पाहणीत गळती होतेच. ती झाली म्हणून परीक्षक प्रबंध अडवत नाहीत. ती लपवली किंवा तिचा विचारच केला नाही तर अडवतात. पण हे चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकट्याने, रात्री लॅपटॉपसमोर बसून पटत नाही.

आधी प्रकृती

विद्यार्थी पहाटे तीनला जागा व्हायचा, जेवणे चुकत होती, मेलबॉक्स उघडताना छातीत धडधडायचे. म्हणून कामाच्या योजनेआधी विद्यापीठाच्या समुपदेशकांची वेळ घेतली. तिथे पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांबद्दलची नऊ प्रश्नांची चाचणी झाली. तिचे गुण ० ते २७ असतात. १० ते १४ म्हणजे मध्यम स्वरूपाची लक्षणे. इथे १३ आले. ही चाचणी म्हणजे निदान नाही, पुढे नीट तपासण्याची खूण आहे. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचे उत्तर शून्याहून वेगळे आले असते, तर प्रबंध बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचाराची मदत घ्यावी लागली असती. इथे ते शून्य होते. आठवड्याला एक अशी सहा सत्रे ठरली.

हे अपवादात्मक नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांच्या पाहणीत, जी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना मानसिक विकाराचा, विशेषतः नैराश्याचा धोका आढळला. त्या धोक्याचा संबंध कामाचा ताण, काम आणि घर यांतली ओढाताण आणि मार्गदर्शकाची नेतृत्वाची पद्धत यांच्याशी दिसला. याचा व्यवहारात अर्थ एवढाच की समुपदेशन आणि कामाची मांडणी दोन्ही हवे. नुसत्या समुपदेशनाने तक्ता ४.३ सुटत नाही, आणि तक्ता सुटला म्हणून लगेच झोप येत नाही.

आठवडा जातो कुठे

दुसऱ्या आठवड्यात फक्त नोंद ठेवली. अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने, प्रत्येकात एक शब्द. काही बदलायचे नाही, सुधारायचे नाही. एकूण ४६ तास काम भरले. त्यातले १९ शिकवणे आणि उत्तरपत्रिका, ९ सहकाऱ्याचा प्रकल्प, ७ तास लेख शोधणे व संगणकावर उतरवून ठेवणे, साडेचार मेल आणि कार्यालयीन कामे. प्रबंधाला मिळाले साडेसहा, आणि त्यातले चार संदर्भांची मांडणी आणि समासाची रुंदी यात गेले.

हा आकडा पाहून विद्यार्थी खजील झाला. खरे तर त्यात दिलासाही होता: तो आळशी नव्हता, ४६ तास राबत होता. लेख उतरवून ठेवण्याचे सात तास मात्र फसवे. ते कामासारखे दिसतात आणि निर्णय पुढे ढकलायला फार सोयीचे असतात. आधीच्या महिन्याभरात उतरवलेल्या लेखांतला एकही प्रबंधाच्या मजकुरात आलेला नव्हता.

एक पानाची चिठ्ठी

या सगळ्यात सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मार्गदर्शकांना पाठवलेले एक पान. त्यावर बारीक काम केले, कारण ‘मॅडम, अडचण आहे, भेटायचे होते’ अशा मेलला ‘जरूर, पुढच्या आठवड्यात बघू’ याशिवाय उत्तर येत नाही. पान असे होते:

‘मॅडम, चॅप्टर ४ पुढे नेण्यासाठी एक निर्णय हवा आहे.

प्रश्न: ४१२ पैकी २३१ जणींच्याच दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी जुळतात. गळालेल्यांमध्ये जास्त रात्रपाळ्या करणाऱ्या जास्त आहेत.

पर्याय १: फक्त २३१ जणींवर विश्लेषण. दोन दिवसांत होईल, पण परिणाम कमी दिसण्याचा धोका आहे आणि परीक्षक हाच मुद्दा काढतील.

पर्याय २: मिश्र प्रतिमान. यात एकाच फेरीच्या नोंदीही वापरता येतात. गळती ही उपलब्ध माहितीवरून समजावून सांगता येते असे गृहीत धरावे लागेल. दोन आठवडे लागतील.

पर्याय ३: अनुपस्थित मूल्ये अनेक वेळा अंदाजाने भरून विश्लेषण. तीन आठवडे.

माझा कल पर्याय २ कडे आहे, पडताळणीसाठी ३ वापरावा असे वाटते. तुम्हाला हे मान्य आहे का, आणि नसेल तर कुठे अडचण दिसते, एवढे हवे आहे. गुरुवारी अर्धा तास पुरेल.’

पान बैठकीच्या तीन दिवस आधी गेले. त्यात माफी नव्हती, पाच महिन्यांचा खुलासा नव्हता. पहिल्या मसुद्यात या दोन्हींचे मिळून दीड पान होते, ते काढून टाकायला लावले. मार्गदर्शकाला लांबलचक दिलगिरी वाचायला दिली की त्याला आधी धीर द्यावा लागतो आणि निर्णयाला वेळ उरत नाही. स्वतःचा कल लिहिणेही महत्त्वाचे. ‘काय करू?’ असे विचारले तर मार्गदर्शकाला सगळे वाचून नव्याने विचार करावा लागतो. ‘हे करतो आहे, चालेल का?’ याला तो लगेच उत्तर देऊ शकतो.

बैठक ४० मिनिटे चालली. मॅडमनी पर्याय २ मान्य केला आणि एक भर घातली: दुसऱ्या फेरीत आलेल्या आणि न आलेल्या परिचारिकांची पहिल्या फेरीतली माहिती शेजारीशेजारी ठेवणारा तक्ता आधी कर. वय, अनुभव, महिन्याला रात्रपाळ्या, झोपेचे तास. तोच नवा तक्ता ४.३ झाला. पुन्हा डेटा गोळा करण्याचा विषय निघालाच नाही. मॅडमना वाटत होते की गळतीचे विश्लेषण केव्हाच झाले असेल.

पर्याय ३ मध्ये रिकाम्या जागा वेगवेगळ्या अंदाजांनी भरून डेटाच्या अनेक प्रती काढतात. त्या किती काढाव्यात हा प्रश्न नेहमी येतो. जुन्या पुस्तकी सवयीने पाच काढतात. आता वापरला जाणारा ढोबळ नियम असा की जितके टक्के नोंदी अपुऱ्या, निदान तितक्या प्रती. इथे ४४ टक्के, म्हणून ५० काढल्या.

न जुळलेल्या १९ नोंदी

दुसऱ्या फेरीतल्या ज्या १९ प्रश्नावल्या जुळत नव्हत्या, त्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण ही चूक अनेक पाहण्यांमध्ये होते. नाव न विचारता दोन फेऱ्या जोडता याव्यात म्हणून प्रत्येकीने स्वतःच एक संकेत तयार करायचा होता: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरे, जन्मतारखेतला दिवस, आणि फोन नंबरचे शेवटचे दोन अंक. सहा महिन्यांत काहींचे नंबर बदलले. काहींनी आईचे नाव एकदा पूर्ण नाव धरून लिहिले, एकदा घरात हाक मारतात ते. बदलू शकणारी गोष्ट संकेतात घातली की असे होणारच. फोनऐवजी न बदलणारे काही घ्यावे, उदाहरणार्थ जन्माचा महिना किंवा आपण कितवे भावंड हे, आणि प्रश्नावलीत एका ओळीत उदाहरणही द्यावे.

आता दुरुस्ती कशी करायची? संकेताच्या तीनपैकी दोन भाग जुळत असतील आणि वय व वॉर्डही जुळत असेल तर नोंद एकच मानायची, असा नियम सुचला. विद्यार्थी त्याच रात्री जुळवायला बसणार होता. समन्वयकांनी थांबवले. सहभागींना दिलेल्या माहितीपत्रकात ‘केवळ संकेताच्या आधारे’ असे शब्द होते. वय आणि वॉर्ड वापरणे म्हणजे मंजूर आराखड्यात बदल. नैतिकता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज केला: एक पान कारण, नियम शब्दशः, आणि जोडणी झाल्यावर वॉर्डचा रकाना पुसण्याची हमी. मंजुरीला तीन आठवडे लागले. त्यानंतर १३ नोंदी जुळल्या, ६ सोडून दिल्या. जोड्या झाल्या २४४, गळती ४१ टक्क्यांच्या आत आली. निकालाची दिशा बदलली नाही. पण नियम आधी लिहिला आणि जोडणी नंतर केली, हे पद्धतीच्या चॅप्टरमध्ये तारखांसह सांगता आले.

त्या तीन आठवड्यांत लिखाण थांबवले नाही. २३१ नोंदींवर तक्ते तयार केले, मजकुरात प्रत्येक आकडा पिवळ्या रंगात ठेवला, आणि मंजुरीनंतर पिवळे तेवढे बदलले. विश्लेषणाचे आदेश आधीच एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले असतील तर हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मेनूवर क्लिक करून केलेले असेल तर आठवडा जातो.

उरलेले काम आणि उरलेला वेळ

राहिलेल्या कामाचे १४ भाग पाडले. प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण: मजकूर तयार, निर्णयावर अडलेला, अजून नाही. निर्णयावर अडलेले पाच निघाले आणि पाचही त्या एकाच गळतीच्या प्रश्नावर. पाचव्या चॅप्टरचे दोन भागही त्यातच होते, म्हणून तोही सुरू होत नव्हता.

विद्यार्थ्याचा अंदाज होता १६ आठवडे. असे अंदाज कमी पडतात हे डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले होते. त्यावरचा १९९४ मधला एक प्रयोग तर प्रबंधावरच आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारले. सरासरी उत्तर ३३.९ दिवस. ‘सगळे बिघडले तर?’ यावर ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे सर्वात वाईट अंदाजही आशावादीच निघाला. अंदाज आणि वास्तव यांचे प्रमाण साधारण १.६. तेच इथे वापरले: १६ गुणिले १.६, म्हणजे जवळजवळ २६ आठवडे. हाताशी ३०. वर उरले चार, आणि त्यातून समितीची मंजुरी व परीक्षांचा काळ भागवायचा. काठावरचे गणित.

म्हणून मुदतवाढीचा अर्ज सहाव्या आठवड्यातच केला. बहुतेक जण तो शेवटच्या महिन्यात करतात आणि तेव्हा तो हतबल वाटतो. अर्जात चार गोष्टी होत्या: झालेल्या भागांची यादी, राहिलेल्यांच्या तारखा, समितीच्या मंजुरीमुळे गेलेला वेळ पत्रासह, आणि मार्गदर्शकांची शिफारस. तीन महिने मिळाले, पण विद्यावेतनाशिवाय. हे आधी कळल्याने त्या काळासाठी शिकवण्याचे जादा तास मागून घेता आले.

आठवड्याची नवी घडी

सकाळी मेल उघडण्याआधी दीड तास, आठवड्यातून चार दिवस. शिवाय विश्लेषणासाठी दोन दुपारी, प्रत्येकी साडेतीन तास. मिळून १३ तास. दिवसभर लिहिण्याचे बेत मुद्दाम टाळले. रॉबर्ट बॉइस यांनी १९८० च्या दशकात प्राध्यापकांच्या लेखनसवयींचा अभ्यास केला, त्यात ठरवून नियमित लिहिणाऱ्यांचे लिखाण स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त भरले. एवढे मात्र खरे की हा नियम निर्णय झाल्यावर चालतो. आधीच्या पाच महिन्यांत रोज लिहिण्यातूनच ११ फाइली झाल्या होत्या.

कामाचे एकक बदलले. ‘चॅप्टर ४ लिहिणे’ असे वहीत लिहायला बंदी. त्याऐवजी: ‘तक्ता ४.३ वर तीन परिच्छेद: कोण गळाले, पहिल्या फेरीत त्या कशा वेगळ्या होत्या, यावरून काय म्हणता येत नाही.’ लिखाणाची बैठक संपताना पुढच्या दिवसाची पहिली सूचना फाइलमध्येच लिहून ठेवायची. चालू फाइल एकच. नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस. जुन्या सगळ्या ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये.

उत्तरपत्रिकांचा वेळ कमी झाला तो एकेक प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात तपासत गेल्यामुळे, आणि वारंवार लागणारे शेरे क्रमांक देऊन एका कागदावर लिहिल्यामुळे.

सहकाऱ्याचा प्रकल्प नाजूक होता. वरिष्ठ माणूस, उद्या शिफारसपत्र लागणार. ‘नाही’ म्हणायचे नव्हते, शेवट ठरवायचा होता. मेल असा गेला: ‘सर, मुलाखतींच्या ८ प्रतिलेखांचे संकेतन महिनाअखेर पूर्ण करून देतो. त्यानंतर प्रबंध सादर होईपर्यंत नवे काम घेता येणार नाही. लेखात माझे नाव लेखक म्हणून अपेक्षित आहे का, की आभारात? लेखक असेल तर मसुद्यावर काम करायला मी आठवड्याला तीन तास ठेवीन.’ (संकेतन म्हणजे उतरवून काढलेल्या मुलाखतींच्या मजकुराला विषयवार खुणा लावणे.) लेखकपदाचा प्रश्न काम चालू असतानाच विचारावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष यासाठी सोयीचे आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसते संकेतन करून मसुद्यापासून लांब राहिलेला विद्यार्थी आभारात जातो, आणि तेव्हा तक्रारीला जागा उरत नाही. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि ते जरा कोरडेच होते, पण लेखक म्हणून नाव ठरले.

काय काय बिघडले

आठव्या आठवड्यात परीक्षा आल्या. लिखाणाच्या चारपैकी तीन सकाळी गेल्या. दर शुक्रवारी मार्गदर्शकांना चार ओळींची नोंद पाठवायची ठरली होती: काय झाले, काय अडले, पुढे काय, तुमच्याकडून काय हवे. त्या शुक्रवारी ती गेली नाही. पुढच्याही नाही. ‘काही झालेच नाही तर काय लिहू’ हाच तो पाच महिन्यांचा जुना विचार. समन्वयकांनी फोन केला आणि नियम बदलला: काही झाले नसेल त्या आठवड्याची नोंद एका ओळीची, पण ती जायलाच हवी. ‘या आठवड्यात परीक्षा, लिखाण शून्य, सोमवारी तक्ता ४.५ पासून सुरू.’ अशा तीन नोंदी पुढे गेल्या. मॅडमनी एकीलाही उत्तर दिले नाही, आणि त्याने काही बिघडले नाही.

दुसरी अडचण मार्गदर्शकांच्या बाजूची. ४५ पानांचा पूर्ण चॅप्टर पाठवला तर चार आठवडे जायचे. त्याऐवजी ६ ते ८ पाने, वर दोन नेमके प्रश्न, आणि दोन आठवड्यांची आपसात ठरलेली मुदत. हे ‘पूर्ण चॅप्टर एकदम’ या त्यांच्या सवयीविरुद्ध होते, म्हणून आधी एकदाच करून पाहू असे विचारले. सहा पानांवरचे शेरे पाच दिवसांत आले. मग सवय बदलली.

तिसरी, सहमार्गदर्शकांचे मत वेगळे पडले. त्यांना पूर्ण नोंदींवरचे साधे विश्लेषणच मुख्य हवे होते. विद्यार्थी दोघांना वेगवेगळे भेटून दोघांनाही ‘हो’ म्हणून आला. अशाने पुढे एकाच परिच्छेदाच्या दोन उलट दुरुस्त्या येतात. मग तीन रकान्यांचा तक्ता केला: शेरा, कुणाचा, त्यावर काय केले आणि का. ज्या एका शेऱ्यावर दोघांचे जमत नव्हते तेवढाच दोघांना एकाच मेलमध्ये पाठवला. तोडगा त्यांनीच काढला: मुख्य मजकुरात मिश्र प्रतिमान, साधे विश्लेषण परिशिष्टात.

कुठवर पोचले

पूर्ण मसुदा २९ व्या आठवड्यात मार्गदर्शकांकडे गेला, वाचायला तीन आठवडे लागले, दुरुस्त्यांना चार. प्रबंध ३६ व्या आठवड्यात सादर झाला, म्हणजे मुदतवाढीच्या १३ आठवड्यांपैकी ६ वापरले. मधल्या काळात पुन्हा केलेल्या वेळेच्या नोंदीत प्रबंधाचे १३ तास, शिकवण्याचे १६, सहकाऱ्याच्या लेखाचे ३, वाचनाचे ४, मेल आणि बैठकांचे ५, एकूण ४१. झोप बरीच सुधारली. पीएचक्यू-९ चे गुण सहाव्या सत्रानंतर ७ आले, पण परीक्षांच्या आठवड्यांत विद्यार्थ्याला पुन्हा त्रास झाला आणि दोन सत्रे वाढवावी लागली. तोंडी परीक्षेत सर्वात जास्त वेळ गळतीवरच गेला. एका परीक्षकाने सोडून दिलेल्या ६ नोंदींबद्दल विचारले. उत्तर पद्धतीच्या चॅप्टरमध्ये होते, पान दाखवता आले. दुसऱ्याने विचारले की न आलेल्यांची झोप अंदाजापेक्षाही वाईट असेल तर निकाल टिकतो का. ही चाचणी केलेली नव्हती, आणि ती किरकोळ दुरुस्त्यांत आली: अंदाजाने भरलेल्या झोपेतून टप्प्याटप्प्याने १५, ३० आणि ४५ मिनिटे वजा करून पाहायचे.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. इथे मार्गदर्शक उत्तर देणाऱ्या होत्या आणि डेटा वापरण्याजोगा होता. मार्गदर्शक अपमान करत असतील, कामाचे श्रेय लाटत असतील किंवा महिनोनमहिने उत्तरच देत नसतील, तर एक पानाची चिठ्ठी पुरत नाही. तिथे तारखांसह लेखी नोंद, प्रबंधाच्या सल्लागार समितीतली दुसरी व्यक्ती आणि मार्गदर्शक बदलण्याचा नियम पाहावा लागतो, आणि हे पहिल्या दोन वर्षांत सोपे असते, चौथ्यात फार अवघड. आणखी एक गट आहे. फाइली पाहिल्या, निर्णय झाला, वेळ मोकळा केला, तरी तीन महिन्यांत एकही भाग पुढे सरकत नाही आणि विचारल्यावर विद्यार्थी म्हणतो की मला हा विषयच नको आहे. त्याच्यासमोर नवी वेळापत्रके ठेवण्यापेक्षा, झालेल्या कामावर खालची पदवी मिळते का, विद्यावेतन परत करावे लागते का आणि त्याचा डेटा कुणाकडे सोपवायचा, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे विभागाकडून आणून द्यावीत.